रंग निवडता येतो, उजेड मोजावा लागतो

गोंदिया शहर साधारण साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. या एका आकड्याने इथल्या आकाशप्रेमींना मोठी संपत्ती दिली आहे. वृषभ राशीतला क्रॅब तेजोमेघ इथे शिरोबिंदूपासून जेमतेम अर्ध्या अंशावरून जातो. मिथुन राशीतला आयसी ४४३, म्हणजे जेलीफिश तेजोमेघ, साधारण एका अंशावरून. दोन्ही स्फोट होऊन संपलेल्या ताऱ्यांचे अवशेष आहेत आणि डिसेंबरच्या मध्यरात्री दोन्ही जवळजवळ डोक्यावर असतात, म्हणजे वातावरणाचा सर्वांत पातळ थर त्यांच्या आड येतो. मृगातला प्रसिद्ध तेजोमेघ इथे ६३ अंशांपर्यंत चढतो. लंडन-बर्लिनच्या क्षितिजावर कधीच न येणारा कॅरिना तेजोमेघ मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेला नऊ अंशांपर्यंत वर येतो. नवेगावबांध आणि नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यात, देवरी-सालेकशाच्या बाजूला अजून काळोख शिल्लक आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली; त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे जमिनीकडे तोंड करून बसवले गेले. तेव्हा पूर्व विदर्भातून येत्या काही वर्षांत तेजोमेघांची पुष्कळ छायाचित्रे निघतील, अशी आशा बाळगायला जागा आहे. ती छायाचित्रे कशी घडवावीत, त्यांत काय करण्याची मुभा असावी आणि काय करू नये, याचा विचार आताच व्हायला हवा.

यातली बरीचशी छायाचित्रे नॅरोबँड पद्धतीची असतील. तेजोमेघातला विरळ वायू सगळ्या रंगांत सारखा उजळत नाही. तो ठरावीक तरंगलांबींवर, म्हणजे मोजक्या वर्णरेषांत प्रकाश टाकतो. हायड्रोजनची अल्फा रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, दोनदा आयनित झालेल्या ऑक्सिजनची मुख्य रेषा ५००.७ वर, आणि एकदा आयनित झालेल्या गंधकाची जोडरेषा ६७१.६ आणि ६७३.१ वर. हौशी निरीक्षक प्रत्येक रेषेसाठी वेगळा फिल्टर लावतो. त्यातून तीन ते सात नॅनोमीटर एवढाच पट्टा कॅमेऱ्यापर्यंत पोचतो, म्हणजे दृश्य प्रकाशाचा शंभरावा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक. पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेड दृश्य पट्ट्यात सर्वत्र पसरलेला असल्यामुळे त्यातला बहुतेक भाग बाहेरच अडतो, आणि वायूचा प्रकाश त्या अरुंद फटीतून जवळजवळ पूर्ण आत येतो. म्हणून गोंदिया शहराच्या गच्चीवरूनही, चांदण्या रात्रीसुद्धा, हे काम करता येते. मात्र चंद्रप्रकाश आकाशात विखुरताना निळ्या बाजूला अधिक विखुरतो, त्यामुळे ऑक्सिजनच्या चौकटी चंद्र नसताना आणि हायड्रोजनच्या चंद्र असताना घ्याव्यात हा शहाणपणाचा रिवाज पडला आहे. एकेका फिल्टरमधून कित्येक तासांचे एक्स्पोजर घेऊन, चौकटी एकमेकींवर रचून शेवटी हाती येतात त्या तीन करड्या प्रतिमा. त्यांत रंगाचा लवलेश नसतो. प्रत्येक बिंदूवर एक संख्या असते आणि ती संख्या म्हणजे त्या दिशेने, त्या वर्णरेषेत किती प्रकाश आला याचे माप.

या तीन करड्या प्रतिमांतून सोनेरी-निळे चित्र तयार होते तेव्हा पाहणारा हमखास विचारतो, हे रंग खरे आहेत का? प्रश्न प्रामाणिक आहे, पण तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. छायाचित्रकारही बहुधा त्याच जागी उत्तर देत बसतो आणि वाद रंगापुरता उरतो. माझे म्हणणे असे आहे की नॅरोबँड चित्रात रंग हा निवडीचा भाग आहे, त्यात खरे-खोटे शोधण्यात अर्थ नाही. चित्राचा खरेखोटेपणा ठरतो तो उजेडाच्या हाताळणीत. तीन प्रतिमांमधले एकमेकांशी असलेले प्रमाण कायम राहिले की बिघडले, यावर चित्र निसर्गाबद्दल काही सांगते की नुसते डोळ्यांना सुखावते, हे अवलंबून असते. रंगाच्या बाबतीत आपण नको तितके संशयी आहोत आणि उजेडाच्या बाबतीत नको तितके बेफिकीर.

आधी रंगाचा प्रश्न निकाली काढू. तेजोमेघाचा ‘खरा’ रंग म्हणजे जवळ जाऊन डोळ्यांनी पाहिल्यावर दिसेल तो, अशी आपली समजूत असते. पण जवळ जाऊनही तो दिसणार नाही. पसरट वस्तूजवळ गेल्यावर ती मोठी दिसते, तिच्या पृष्ठभागाची प्रति चौरस अंश तेजस्विता मात्र वाढत नाही. दुर्बिणीचेही तेच: कितीही मोठी घेतली तरी ती तेजोमेघाचे पृष्ठतेज उघड्या डोळ्याला दिसते त्यापेक्षा वाढवू शकत नाही. इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळजवळ गप्प असतात आणि काम दंडपेशी करतात. दंडपेशींची संवेदनशीलता ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते आणि ६५६ नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाला त्या जवळजवळ आंधळ्या असतात. म्हणून मोठ्या दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ करडा, फार तर हिरवट दिसतो. ज्या हायड्रोजनने तो मुख्यतः बनला आहे, त्याची तांबडी रेषा डोळ्याला फारशी जाणवतच नाही. यावर कुणी म्हणेल की निदान तरंगलांबीला जो रंग असतो तो तरी द्या. दिला, तर हायड्रोजन आणि गंधक दोन्ही तांबडे होतात. त्यांच्यात जेमतेम सोळा नॅनोमीटरचे अंतर आहे आणि डोळ्याला तो फरक कळणे अवघड. म्हणजे जे वेगळे मोजण्यासाठी रात्रीमागून रात्री खर्च केल्या, ते चित्रात पुन्हा एकत्र मिसळून टाकायचे. डोळ्याशी प्रामाणिक राहण्याच्या नादात मोजमापाशी प्रतारणा होते.

विज्ञानाच्या इतिहासातही तेजोमेघाचा अर्थ त्याच्या रंगातून उलगडला नाही, वर्णरेषांच्या मोजणीतून उलगडला. २९ ऑगस्ट १८६४ रोजी विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका ग्रहीय तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळवला आणि ताऱ्यांसारखा अखंड पट्टा दिसण्याऐवजी सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. तेजोमेघ वायूचे असतात हे त्या रात्री सिद्ध झाले. त्यांतली सर्वांत ठळक रेषा कुणाच्याही ओळखीची नव्हती. नॉर्मन लॉकयर यांचे मत होते की ती मॅग्नेशियमच्या धूसर पट्ट्याची उरलेली कडा आहे. या वादात महाराष्ट्राचा वाटा आहे, तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये तिथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. मृगाच्या तेजोमेघातली ती मुख्य रेषा त्यांनी वर्णपटदर्शकातून तपासली आणि ती रेषा तीक्ष्ण आहे, पट्ट्याची कडा नव्हे, असा निष्कर्ष १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. तो लॉकयर यांच्या मताविरुद्ध जाणारा होता. पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की ही रेषा कोणत्याही नव्या मूलद्रव्याची नाही. ती दोनदा आयनित ऑक्सिजनची आहे आणि पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत सहसा न साधणाऱ्या अतिविरळ अवस्थेतच ती उजळते. आज गोंदियातला एखादा विद्यार्थी ५००.७ नॅनोमीटरचा फिल्टर लावतो, तेव्हा तो याच रेषेवर काम करत असतो. पुण्यात तेव्हा निकाल लागला तो रेषेच्या तीक्ष्णतेच्या मोजमापावर. ती रेषा कोणत्या रंगाची दिसते, हा प्रश्न कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

मग रंग द्यायचा तो कशाच्या आधारावर? आजचा सर्वांत रूढ संच म्हणजे हबल पॅलेट. एप्रिल १९९५ मध्ये जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी हबल दुर्बिणीने गरुड तेजोमेघातल्या वायूच्या खांबांची छायाचित्रे घेतली आणि गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला. ही निवड मनमानी नव्हती. तिन्हींत सर्वांत लांब तरंगलांबी गंधकाची, तिला तांबडा; मधली हायड्रोजनची, तिला हिरवा; सर्वांत आखूड ऑक्सिजनची, तिला निळा. क्रम निसर्गाचा ठेवला आणि अंतर मात्र डोळ्याला फरक कळेल इतके वाढवले. त्यातून भौतिकीही चित्रात उतरली. एकदा आयनित ऑक्सिजनचा आणखी एक इलेक्ट्रॉन काढायला ३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, हायड्रोजनला १३.६ आणि गंधकाचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला १०.४. म्हणून ऑक्सिजनचा उजेड तप्त ताऱ्यांजवळ आढळतो आणि गंधकाचा वायूच्या कडांना, जिथे प्रखर किरण कमी पडतात. हबल पॅलेटमधल्या चित्रात निळ्याकडून तांबड्याकडे जाणे म्हणजे ताऱ्यापासून दूर, सौम्य किरणांच्या प्रदेशाकडे जाणे. इतका अर्थ वाहून नेणारा रंग ‘खोटा’ कसा म्हणायचा? उंचीनुसार रंगवलेल्या नकाशात डोंगर तपकिरी असतो म्हणून आपण तो नकाशा खोटा ठरवत नाही.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. कॅमेऱ्यातून येणारी प्रतिमा रेषीय असते: दुप्पट प्रकाश, दुप्पट संख्या. सोळा बिटांच्या प्रतिमेत शून्यापासून ६५,५३५ पर्यंत पायऱ्या असतात आणि तेजोमेघाचा बहुतेक उजेड तळाच्या थोड्या पायऱ्यांत दडलेला असतो. पडद्यावर ती प्रतिमा जवळपास काळी दिसते. म्हणून तिला ‘स्ट्रेच’ करावे लागते, म्हणजे मंद भाग वर उचलायचे आणि तेजस्वी भाग आवरायचे. इथपर्यंत आक्षेपाचे कारण नाही. पण बहुतेक हौशी मंडळी तिन्ही प्रतिमा वेगवेगळ्या स्ट्रेच करतात, प्रत्येकीला सुंदर दिसेपर्यंत. हायड्रोजन मुळातच ठळक असतो, गंधक आणि ऑक्सिजन बहुधा मंद असतात, म्हणून त्या दोघांना कितीतरी पट अधिक उचलून हायड्रोजनच्या बरोबरीला आणले जाते. हे म्हणजे धानाची तीन पोती तीन वेगळ्या काट्यांवर तोलायची, प्रत्येक काटा हवा तसा फिरवून घ्यायचा आणि मग तिन्हींचे वजन सारखे आहे असे सांगायचे. चित्रात तिन्ही वायू सारख्याच जोमाने तळपतात, पण आकाशात ते तसे नसतात, आणि किती नसतात हे चित्र पाहणाऱ्याला कळायचा मार्ग बंद होतो.

हा फरक केवळ तात्त्विक नाही. गंधकाच्या जोडरेषेचा एकत्रित उजेड भागिले हायड्रोजन-अल्फाचा उजेड, हे गुणोत्तर खगोलशास्त्रात निदानाचे साधन आहे. तरुण ताऱ्यांनी उजळवलेल्या नेहमीच्या हायड्रोजन प्रदेशात ते लहान असते. स्फोटाच्या आघाताने तापलेल्या वायूत ते वाढते. १९७० च्या दशकापासून ०.४ ही सीमा धरून, त्याहून अधिक गुणोत्तर दिसले की तो सुपरनोव्हाचा अवशेष असावा असे मानण्याची पद्धत रूढ आहे. आता गोंदियाच्या आकाशातले दोन शेजारी तेजोमेघ घ्या: मिथुनेतला आयसी ४४३ हा अवशेष, आणि थोडा दक्षिणेचा, शृंगाश्व तारकासमूहातला रोझेट तेजोमेघ, जिथे नवे तारे जन्माला येत आहेत. एक मृत्यूची खूण, दुसरा जन्माची. रेषीय प्रतिमांत हा फरक आकड्यांनी स्पष्ट दिसतो. दोन्हींतले गंधक हायड्रोजनच्या बरोबरीला ओढले की दोन्ही चित्रांतला तांबडा सारखाच गडद होतो आणि आकाशातला सर्वांत महत्त्वाचा भेद चित्रातून पुसला जातो. रंग कोणताही दिला असता तरी हा भेद टिकला असता; तो गेला उजेडाच्या हाताळणीमुळे.

असमतोल स्ट्रेचचा पुरावा चित्रातच सापडतो. हबल पॅलेटमधल्या हौशी चित्रांत तारे जांभळट-गुलाबी दिसतात. ताऱ्याचा प्रकाश अखंड वर्णपटाचा असतो, तो तिन्ही अरुंद फिल्टरांतून जवळपास सारखाच येतो, म्हणून तारे तिन्ही प्रतिमांत सारखे असायला हवेत. गंधक आणि ऑक्सिजन अनेक पटींनी उचलले की ताऱ्यांमधला तांबडा आणि निळा वाढतो, हिरवा मागे राहतो आणि तारा जांभळट होतो. मग ती छटा वेगळ्या युक्तीने पुसली जाते, म्हणजे पुरावाही जातो. हिरवा काढण्याच्या लोकप्रिय साधनाचेही असेच आहे. त्याचा नेहमीचा नियम साधा आहे: जिथे हिरव्याची संख्या तांबड्या-निळ्याच्या सरासरीपेक्षा जास्त असेल तिथे ती त्या सरासरीइतकी खाली आणायची. गणित नीट पाहा. हिरवा म्हणजे हायड्रोजन. जिथे हायड्रोजन सर्वाधिक, नेमक्या तिथेच त्याच्या संख्येच्या जागी इतर दोन वायूंची सरासरी येते. तिथला रंग मग नारिंगी ते करडा ते निळा एवढ्या एका रेषेवरच फिरू शकतो, आणि तीन मोजमापांपैकी रंगात दोनच उरतात. जगभरातली हजारो नॅरोबँड चित्रे एकसारखी सोनेरी-निळी का दिसतात, याचे मोठे कारण हे आहे. तेजोमेघ वेगवेगळे असतात, पण त्यांच्यावर चालवलेले गणित एकच असते.

यावरचा पहिला आक्षेप असा की हौशी छायाचित्र ही कला आहे, तिला प्रयोगशाळेचे नियम का लावायचे? कलेचे स्वातंत्र्य मला मान्य आहे. कुणी तेजोमेघावरून चित्र रंगवले आणि ते चित्र म्हणून मांडले, तर कुणाचीच हरकत नसावी. पण नॅरोबँड छायाचित्राला प्रतिष्ठा मिळते ती ते छायाचित्र असल्यामुळे. त्याखाली तेजोमेघाचा क्रमांक लिहिलेला असतो, दुर्बिणीचा व्यास आणि एक्स्पोजरचे तास लिहिलेले असतात. ही सगळी माहिती पाहणाऱ्याला सांगत असते की हे तिथे खरोखर आहे. हा विश्वास घेतला की त्याचे दायित्वही येते. शिवाय प्रमाण राखल्याने कलेचे काही बिघडत नाही. रॉबर्ट लप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेली पद्धत यासाठीच आहे: तिन्ही प्रतिमांची मिळून एक तेजस्विता काढायची, स्ट्रेच तिच्यावर करायचा आणि त्यातून येणारा एकच गुणक त्या बिंदूच्या तिन्ही संख्यांना लावायचा. मंद भाग उजळतात, तेजस्वी भाग जळत नाहीत आणि तिन्ही वायूंमधले प्रमाण जागच्या जागी राहते. कुणी म्हणेल, अशाने चित्र हिरवेगार होईल. होईल, जर हायड्रोजनला हिरवाच देण्याचा हट्ट धरला तर. पण रंग मोकळा आहे, हे आपण आधीच मान्य केले आहे. हायड्रोजनला सरळ सोनेरी द्या, ऑक्सिजनला निळा, गंधकाला गडद किरमिजी. सोनेरी चित्र हवे म्हणून हायड्रोजनचे माप मोडण्याची गरजच उरत नाही. रंगाचे स्वातंत्र्य जितके मनमोकळेपणाने वापरू, तितका उजेडाशी खेळ करण्याचा मोह कमी होईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हौशी उपकरणांतून आलेले प्रमाण मुळातच अचूक नसते, मग ते राखून काय मिळवायचे? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. सेन्सर ५०० आणि ६५६ नॅनोमीटरला सारखाच संवेदनशील नसतो. सात नॅनोमीटरच्या हायड्रोजन फिल्टरमधून शेजारची ६५८.४ नॅनोमीटरची नायट्रोजन रेषाही आत येते, त्यामुळे आपण ज्याला हायड्रोजन म्हणतो त्यात नायट्रोजन मिसळलेला असतो. गोंदियातून कॅरिना तेजोमेघ टिपला, तर नऊ अंश उंचीवर त्याचा प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या सुमारे सहापट जाड थरातून येतो, आणि तो थर ऑक्सिजनच्या रेषेला हायड्रोजनपेक्षा जास्त खातो. पण या चुका ठरावीक आहेत. सेन्सर आणि हवेमुळे येणारी चूक पूर्ण प्रतिमेला जवळपास एकाच गुणकाने बदलते, आणि एक गुणक दुरुस्त करता येतो. त्यासाठी चौकटीतले तारेच माप म्हणून उभे आहेत. गाया उपग्रहाने सुमारे २२ कोटी ताऱ्यांचे वर्णपट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले केले. सिरिल आणि पिक्सइनसाइट या प्रणाली ते वर्णपट वापरून प्रत्येक फिल्टरचा गुणक काढून देतात, आणि यांतली सिरिल मोफत आहे. नायट्रोजनची भेसळ अशी जात नाही. तिथे फिल्टरची रुंदी लिहून ठेवणे हाच उपाय. ज्ञात, नोंदवलेली चूक आणि डोळ्याच्या आवडीनुसार केलेला अनोंदित बदल यांना एकाच पंक्तीत बसवता येत नाही. पहिलीतून मूळ माप परत मिळवता येते, दुसऱ्यातून येत नाही.

तिसरा आक्षेप म्हणजे व्यावसायिकांचे उदाहरण. हबलच्या प्रसिद्ध चित्रांतही प्रतिमा स्वतंत्रपणे उजळवल्या जातात, मग हौशी माणसालाच जाब का? उत्तर असे की हबलचे चित्र एकटे नसते. त्याच्या मागे रेषीय मूळ नोंदी सार्वजनिक संग्रहात ठेवलेल्या असतात, कोणता फिल्टर होता हे जाहीर असते, आणि संशोधक निष्कर्ष काढतात ते त्या नोंदींवरून, चित्रावरून नव्हे. हौशी छायाचित्रकाराकडे बहुधा चित्र हीच शेवटची गोष्ट असते. मूळ चौकटी हार्ड डिस्क भरली की पुसल्या जातात. ज्याच्या मागे नोंद उरत नाही, त्या चित्राने अधिक जपून वागायला हवे. आणि हौशी नोंदींची किंमत कमी समजू नये. मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सँटी या हौशी निरीक्षकांना २०२२ मध्ये देवयानी दीर्घिकेजवळ ऑक्सिजनच्या रेषेत उजळणारी एक प्रचंड कमान सापडली. २०२३ च्या जानेवारीत ती जाहीर झाली. शतकभराहून अधिक काळ अगणित वेळा टिपलेल्या त्या भागात ती कुणाला दिसली नव्हती, कारण त्या एका रेषेत इतके दीर्घ, शंभराहून अधिक तासांचे एक्स्पोजर कुणी घेतलेच नव्हते. अशा वेळी पहिला प्रश्न हाच येतो की ही प्रक्रियेतली चूक तर नाही? त्याचे उत्तर देता आले, कारण मूळ चौकटी होत्या आणि इतर ठिकाणच्या दुर्बिणींतूनही तीच कमान निघाली. सुंदर पण मापहीन चित्राला हे उत्तर देता आले नसते.

याच कसोटीवर नव्या साधनांचाही विचार करावा लागेल. तारे वेगळे काढणारी, गोंगाट घालवणारी, प्रतिमा धारदार करणारी न्यूरल जाळ्यांवरची साधने आता सहज मिळतात. ती हजारो चित्रांवरून शिकलेली असतात आणि मंद, अस्पष्ट जागी काय ‘असायला हवे’ याचा अंदाज भरतात. ऑक्सिजनचा मंद भाग, जो अनेक पटींनी उचलल्यामुळे गोंगाटाने भरलेला असतो, तिथेच त्यांचा वापर सर्वाधिक होतो. म्हणजे जिथे मोजमाप सर्वांत कच्चे तिथे अंदाज सर्वांत पक्का दिसू लागतो. अशी साधने पूर्ण वर्ज्य करावीत असे मी म्हणणार नाही, पण त्यांनी दाखवलेली प्रत्येक बारीक शिर मूळ रचलेल्या चौकटीत शोधावी, आणि तिथे नसेल तर चित्रातही ठेवू नये. कमी खर्चाच्या मार्गालाही हाच धडा लागू आहे. रंगीत कॅमेरा आणि हायड्रोजन-ऑक्सिजन असा दुहेरी फिल्टर घेऊन आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी सुरुवात करतील, आणि ती सुरुवात उत्तम आहे. हायड्रोजन तांबड्या पिक्सेलवर उतरतो, ऑक्सिजन हिरव्या-निळ्यावर. पण या दोन मोजमापांचे मिश्रण करून तिसरा कृत्रिम ‘गंधक’ तयार करायचा आणि चित्राला हबल पॅलेट म्हणायचे, ही सरळ फसवणूक आहे. दोन वायू मोजले असतील तर दोनच दाखवावेत. दोन रंगांतला रोझेटही पुरेसा सुंदर असतो.

गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या शाळा-महाविद्यालयांतून आणि निरीक्षक मंडळांतून हे काम सुरू होईल, तेव्हा सुरुवातीलाच चार शिस्ती लावून घ्याव्यात. चित्राखाली कोणत्या रेषेला कोणता रंग दिला आणि प्रत्येक रेषेचे किती तास, हे लिहावे. प्रतिमांना दिलेले गुणक लिहावेत, आणि त्यापलीकडे प्रत्येक प्रतिमेला वेगळा स्ट्रेच दिला असेल तर तेही कबूल करावे. कोणताही भाग हाताने किंवा अंदाज बांधणाऱ्या साधनाने बदलला असेल तर तो सांगावा. आणि रचलेली रेषीय प्रतिमा, रंग येण्याआधीची, कायम जपून ठेवावी, मागणाऱ्याला द्यावी. यांतल्या एकाही गोष्टीला महागडे उपकरण लागत नाही आणि एकीनेही चित्राचे सौंदर्य कमी होत नाही. रंग मनासारखा निवडा, धीटपणे निवडा. उजेडाचे माप मात्र आकाशातून जसे आले तसेच पुढच्या माणसाच्या हाती द्या.